जाळीखालचा तान्हा

दुपारी त्या कक्षातले मोठे दिवे मालवत. पडदे ओढत, यंत्रांचे आवाज बारीक करत, आणि पायांत कापडी खोळी चढवलेल्या सिस्टर पाण्याखालून चालल्यासारख्या चालू लागत. त्या वेळेला सगळे 'निजेचा तास' म्हणायचे. दिवस भरण्याआधीच जगात आलेली बाळं काचेच्या पेट्यांत पडलेली असायची, आणि शेजारच्या खुर्च्यांत त्यांच्या आया, अर्ध्या जाग्या, अर्ध्या कुठेतरी. बाहेर ऊन असेल, रस्ता असेल, कुणी कुणाशी तावातावाने भांडत असेल. आत मात्र हिरवट, निवलेला उजेड होता, तळ्याच्या तळाशी असावा तसा.

कापसाची आई या तासाच्या जिवावर जगत होती.

लेकीचं कापूस हे नाव पहिल्या दिवशीच पडलं. एका सिस्टरने तिला तळहातावर तोलून म्हटलं होतं, "अगं बाई, हा तर कापूस! फुंकर मारली तर उडेल." पायातल्या पट्टीवर वेगळं, नीट विचार करून ठेवलेलं नाव होतं, ते पट्टीवरच राहिलं. आणि लेकीमुळे आईचंही नाव ठरलं.

निजेचा तास झाला की सिस्टर कापसाला नळ्या-तारांसकट अलगद पेटीबाहेर काढायच्या आणि आईच्या उघड्या छातीवर उताणी नाही, पालथी ठेवायच्या, बेडकाच्या पिल्लासारखी. वरून दुलई. पोर एकदा हुंकारायची, अंग सैल सोडायची, आणि मघापासून कटकट करणारं यंत्र गप्प व्हायचं. डॉक्टर म्हणायचे, हेही औषधच आहे. कापसाच्या आईला ते औषध वाटत नव्हतं. पोटात राहून गेलेले महिने ती बाहेरून भरून काढत होती, रोज एका तासाने. शिवण अर्धवट राहिली की टाका जिथे सुटला तिथून उचलतात, तसं.

दूध तिला उदंड होतं. कापूस नळीतून पिऊन पिऊन पिणार किती, बाटलीच्या झाकणात मावेल एवढं. बाकीचं काढून ठेवायचं. फ्रिजमध्ये प्रत्येक आईला एक खण, आणि हिचा खण भरून वाहायचा. उरलेलं टाकून द्या, असं सांगितलेलं होतं. कुठे टाका, हे कुणी सांगितलं नव्हतं. कोपऱ्यात पिवळ्या पिशवीचा डबा होता. त्यात वापरलेले हातमोजे, रक्ताचे बोळे, घाण लंगोट. त्यात दूध? तिचा हात धजेना. शेजारीच हात धुवायचं बेसिन होतं, पांढरंशुभ्र, कोपराने फिरवायच्या लांब दांडीच्या नळाचं. ती तिथे ओतायची, सावकाश. जाळीतून पांढरी धार खाली जायची, आतून घटघट असा बारीक आवाज यायचा, आणि मग ती नळ सोडायची. पाण्यात गेलं, पाण्याला मिळालं, असं मनाला वाटायचं. त्यात काही वावगं नव्हतं.

तिच्या शेजारच्या खुर्चीत जुळ्यांची आई बसायची. वयाने मोठी, जिभेने तिखट. तिला दूध बेताचंच येत होतं.

"तुझ्याकडे धरण फुटलंय," ती बेसिनकडे बघत म्हणायची, "आणि माझ्या नळाला नुसती हवा."

"ताई, थोडं तुम्ही घ्या ना धाकट्यासाठी."

"घेऊ देतील तर ना! एकीचं दूध दुसरीच्या बाळाला द्यायचं तर रक्ताच्या तपासण्या, सह्या, आणि काय काय. तोवर माझा धाकटा मिशा काढेल."

धाकट्याला मिशा फुटायच्या होत्या, पण त्याआधी एका सकाळी त्याचा रंग राखेसारखा झाला. तो श्वास घ्यायचा विसरू लागला. पायाला टिचकी मारली की आठवल्यासारखा घ्यायचा, पुन्हा विसरायचा. औषध चालू झालं, बदललं, परत बदललं. जंतू कशालाच दाद देईना. मग धाकट्याला कक्षाच्या टोकाला काचेच्या खोलीत हलवलं, दाराबाहेर जमिनीवर पिवळी पट्टी ओढली, आणि सगळ्या आयांना जमवून डॉक्टरांनी सांगितलं की हा जंतू कुठून येतो ते कळेपर्यंत एकही बाळ पेटीबाहेर निघणार नाही. पेटीच्या खिडकीतून हात लावायचा, तोही धुऊन.

"आणि छातीवर?" कापसाच्या आईने विचारलं.

"सध्या नाही."

सध्या म्हणजे केव्हापर्यंत, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून हातवाली सिस्टर आली. इस्पितळात कुठे कोणता जंतू फिरतोय हे शोधणं आणि त्याची वाट अडवणं, हेच तिचं काम. ती माणसांच्या तोंडाकडे बघायचीच नाही. आधी हात बघायची, मग कोपरापर्यंत, आणि तिथे समाधान झालं तर चेहरा.

"अंगठी काढा. बांगड्या काढा. हातच्या कांकणाला आरसा नको म्हणतात. इथे कांकणच नको. त्याच्याखाली जंतूंचं बिऱ्हाड असतं."

डॉक्टरांचं घड्याळ तिने उतरवायला लावलं. फरशी पुसणाऱ्या मावशींना फडकी बदलायला लावली. बोटांच्या बेचक्या, अंगठ्याचा बुंधा, नखांच्या कडा, असं एकेक चोळून दाखवलं, आणि ओल्या हाताने कुणी पेटीला शिवलं की लांबूनच म्हणायची, "वाळू द्या. घाई कुणाला आहे? त्यालाच आहे."

"ही बाई अक्षरशः हात धुऊन आपल्या मागे लागलीय," जुळ्यांची आई काचेच्या खोलीतून बाहेर येऊन पुटपुटली. पण पुटपुटतानाही ती बोटांच्या बेचक्या चोळत होती.

रात्री घरून सासूबाईंचा फोन आला.

"अजून घेत नाहीत पोरीला बाहेर? आमच्या वेळी असलं काही नव्हतं बाई. जंतूच नव्हते."

"होते हो आई. सांगत नव्हते कुणी."

"बरंच होतं मग," सासूबाई म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, घोगऱ्या आवाजात, "तुझं अंग दुखतं का गं? ती जवळ नसली की?"

दुखत होतं. दुधाने नाही. छातीवर जिथे ते इवलं डोकं टेकायचं तिथे थंड पडलं होतं, बिऱ्हाड हलल्यावर भिंतीवर तसबिरीची जागा उरते तशी जागा. दुपारचे दिवे मालवले जायचे, हिरवा उजेड पसरायचा, आणि सगळ्या आया रिकाम्या मांड्या घेऊन बसायच्या. पेटीच्या गोल खिडकीतून ती एक बोट आत घालायची. कापूस त्या बोटाला धरायची, सोडायची. यंत्र कटकट करायचं. पोर दोन दिवसांत वजनाने होती तिथेच राहिली, मग थोडी उतरली.

हातवाल्या सिस्टरला बेसिनचा संशय आला आणि ते दोनदा घासलं गेलं. औषध ओतलं, जाळी बदलली. सिस्टरने काडीच्या बोळ्याने नमुना घेतला, तो साफ आला. आठवड्याने घेतला तर जंतू परत हजर. धाकट्याला होता तोच.

त्या दुपारी खुर्चीत डोळा लागला आणि कापसाची आई जाळीखाली उतरली. कशी, ते स्वप्नांना विचारायचं नसतं. आत काळोख होता, पण कोमट. भिंती मऊ, ओलसर, श्वास घेणाऱ्या. आणि तिथे एक तान्हं होतं. त्याला डोळे नव्हते, हातपाय नव्हते, नुसतं तोंड होतं, आणि ते वर करून वाट बघत होतं. वरून पांढरी धार आली. ते पिऊ लागलं. घटघट, घटघट. पिता पिता वाढू लागलं, भिंतीला धरून वर सरकू लागलं. तिला त्याची भीती वाटली नाही, हेच सगळ्यांत वाईट होतं. तिला पान्हा फुटला.

ती दचकून जागी झाली. कपडे ओले झाले होते. आणि समोर, मालवलेल्या दिव्यांच्या त्या उजेडात, बेसिनवर चांदण्या पडल्या होत्या.

आधी तिला वाटलं, अजून झोपेतच आहोत. हातवाली सिस्टर हातात निळा दिवा घेऊन उभी होती. तिने जाळीवर कसलीशी चमकणारी पूड टाकून नळ सोडला होता, आणि आता दिवा फिरवत होती. दिवा जाई तिथे हिरवे ठिपके उमलत. बेसिनच्या काठावर. नळाच्या दांडीवर. भिंतीवर. पलीकडच्या फळीवर, जिथे आया दूध काढायचे पंप धुऊन पालथे घालत. पंपांच्या कडांवरही बारीक बारीक ठिपके, आकाशगंगेसारखे. काही तर जवळच्या खुर्चीच्या हातावर. तिच्याच खुर्चीच्या.

एक एक करून सगळ्या आया उठून उभ्या राहिल्या. इतकं सुंदर काही त्या कक्षात कुणी पाहिलं नव्हतं.

"हात धुवायला नळ सोडला की धार जाळीवर पडते, आणि जाळीवरचं हे असं उडतं," सिस्टर हलक्या आवाजात म्हणाली. "इथवर मला कळलं. पण जाळीवर येतं कुठून? साफ केलेला पाईप आठवड्यात परत भरतो. नुसत्या हात धुतल्या पाण्यावर जंतू एवढा पोसत नाही. त्याला कुणीतरी जेवायला घालतंय." तिने दिवा खाली केला. "यात काय काय ओतता?"

कापसाच्या आईच्या तोंडून शब्द निघायच्या आधी तिचा हात छातीवर गेला.

"दूध," ती म्हणाली. "मी ओतते. उरलेलं."

"मीही," मागून कुणीतरी म्हणालं. "कचऱ्यात टाकवत नाही हो." "मीही." "मी कधीकधी."

सिस्टर दिवा हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिने, बहुधा पहिल्यांदाच, हातांऐवजी आयांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं.

"ओतू नका असं तुम्हाला कुणीच सांगितलं नाही," ती म्हणाली. "मीसुद्धा नाही. हात कसे धुवायचे ते बोट धरून शिकवलं, आणि बेसिन कशासाठी नाही ते सांगायचं राहिलं. दूध खाली पाईपात साठतं, त्यावर बुळबुळीत थर धरतो, आणि तो रोज थोडा थोडा वर चढतो. जाळीपर्यंत."

"चढतो," कापसाची आई म्हणाली. तिने ते पाहिलं होतं.

संध्याकाळी पाना घेऊन प्लंबर आला आणि बेसिन भिंतीवरून उतरवून घेऊन गेला, पाईपासकट. पुन्हा घासायचं नाही, बाळांच्या खोलीत पाण्याची वाटच नको, असं सिस्टरचं म्हणणं होतं. हात धुवायची जागा दाराबाहेर गेली. आत प्रत्येक पेटीपाशी हाताला चोळायच्या औषधाची बाटली आली. पंपांची फळी दुसऱ्या खोलीत गेली. उरलेल्या दुधासाठी झाकणाचं भांडं आलं, आणि ते लांब, मागच्या मोरीत रितं होऊ लागलं. बेसिनच्या जागी गुळगुळीत भिंत राहिली. आया जाता येता तिच्याकडे बघत, कुणी निघून गेलेल्या घराकडे बघावं तसं.

जुळ्यांच्या आईला हे सगळं बाहेरून कळलं. ती पिवळ्या पट्टीच्या अलीकडे आली, अंगावरचा झगा उतरवून, हात चोळून, वाळवून. मग कापसाच्या आईसमोर उभी राहिली.

"माझ्या लेकराला थेंब मिळत नव्हता," ती म्हणाली. आवाज चढवलाच नाही. "आणि मोरीला पोटभर."

"ताई, मला कुठे..."

"तुला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. मला सगळं समजतं गं. समजून काय करू?"

ती परत काचेआड गेली. कापसाच्या आईला वाटलं, हिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. तेवढं तरी गालावर उमटलं असतं.

मग सगळ्या बाळांचे नमुने गेले. अहवाल आले तेव्हा डॉक्टर सरळ तिच्याच खुर्चीपाशी आले, आणि ती उठून उभी राहिली.

"आजारी नाही," ते घाईने म्हणाले. "आधी ते ऐका. तिला ताप नाही, रक्तात काही नाही. पण तो जंतू तिच्या अंगावर आहे, पोटात आहे. गप्प बसलाय. पाहुण्यासारखा."

"जाणार कधी?"

"पाहुणा कधी सांगून जातो का?"

ते हसवायला म्हणाले होते. तीही हसली, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचेना. बाकी सगळी बाळं साफ निघाली होती, जुळ्यांतला थोरलासुद्धा. ते ऐकून शेजारच्या आयांनी सोडलेले सुस्कारे तिला ऐकू आले. त्यांना ते लपवताही आले नाहीत, आणि तिला त्यांचा रागही आला नाही.

कापसाची पेटी ढकलत काचेच्या खोलीकडे नेली तेव्हा चाकं पिवळ्या पट्टीवर किंचित अडली. हातवाली सिस्टर सोबत होती.

"आता इथेच राहायचं. इथल्या सिस्टर वेगळ्या, तपासायची नळी वेगळी, सगळं वेगळं. आत येताना झगा, बाहेर पडताना झगा आतच, आणि हात. दर वेळी. कितीही घाई असली तरी."

"आणि..." कापसाच्या आईला पुढचं विचारवेना.

"छातीवर ना? घ्या की."

"घेऊ?"

"ज्याच्यापासून तिला वाचवत होतो ते आता तिच्याजवळच आहे. आता तिच्यापासून बाकीच्यांना वाचवायचं." सिस्टरने दार कोपराने ढकललं. "इथे दोन बाळं आणि दोन आया. ज्याचा हात त्याच्याच बाळाला. तो धाकटा अजून आजारी आहे, त्याच्या नळीतून औषध चाललंय. तुमच्या हाताने त्याच्याकडे नवीन काही जायला नको, आणि त्याचं तुमच्याकडे यायला नको."

जुळ्यांची आई धाकट्याच्या पेटीशी बसली होती. तिने मान वर केली, कापसाच्या पेटीकडे पाहिलं, आणि खुर्ची थोडी सरकवली. जागा करून दिली की अंतर ठेवलं, ते कळलं नाही.

धाकट्याला एक जुनं, कडक औषध लागू पडत होतं. रोज मूत्रपिंडांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागे असं. त्याचा रंग राखेवरून मातीवर आला होता. रडायची ताकद आली होती, हे तर मोठंच सुख.

दुसऱ्या दिवशी निजेच्या तासाला काचेबाहेरचे दिवे मालवले आणि आतले आपोआप निळसर झाले. सिस्टरने कापसाला उचलून आईच्या छातीवर पालथी ठेवली. पोर पहिल्यांदा कुरकुरली. विसरली की काय, असं आईला वाटलं. मग त्या इवल्या गालाने जागा शोधली, एकदा हुंकार आला, आणि अंग सैल पडलं. पेटीजवळ इतके दिवस धुमसणारं यंत्र एकसारखं, शांत टिकटिकू लागलं. आईने डोळे मिटले. भिंती, काच, पट्टी, सगळं विरघळून गेलं, आणि दोघी कुठल्याशा कोमट पाण्यावर तरंगत राहिल्या, जिथे ओतायला काही नव्हतं आणि सांडायलाही नाही.

तिला जाग आली ती रडण्याने. जुळ्यांची आई थोरल्याला बघायला मोठ्या कक्षात गेली होती. सिस्टर दाराबाहेर औषध भरत होती, पाठमोरी. धाकटा रडत होता. रडणं कसलं, मांजराच्या पिल्लाने दाराआडून ओरडावं तेवढंच. त्याची पेटी हाताच्या अंतरावर होती. गोल खिडकीची कडीसुद्धा उघडीच होती.

कापसाच्या आईचा हात दुलईखालून निघाला. तो तिने काढला नव्हता, तो निघाला. एक बोट. नुसतं एक बोट त्याच्या मुठीत द्यायचं. दोघांचा जंतू एकच, आता काय बिघडणार आहे? कोण बघतंय? आणि याला मी देणं लागते, ती मनात म्हणाली, याला माझ्याइतकं देणं जगात कुणी लागत नाही. छातीत दूध दाटून आलं.

हात हवेत राहिला. हाताला चोळायची बाटली पेटीपलीकडच्या भिंतीवर होती, आणि तिथे पोचायला कापसाला उतरवावं लागलं असतं. त्या हाताने ती मघापर्यंत कापसाची पाठ थोपटत होती. मऊ, कोमट हात. जाळीखालची भिंत असते तसा.

तिने हात परत दुलईत घेतला.

"अरे, अरे," ती म्हणाली, "कोण रागावलं आमच्या धाकट्याला? ऐक, तुला सांगते. एक होता डोंगर, आणि त्याला फार गुदगुल्या व्हायच्या. कुणी चढलं की तो हसायचा, आणि हसला की वरची माणसं गडगडत खाली..."

धाकटा थांबला. पुन्हा सुरू झाला, पण अर्ध्यावरच राहिला. तो ऐकत होता. तिने डोंगराच्या पायाशी एक म्हातारी आणली, म्हातारीला एक शहाणी शेळी दिली. आवाज हलका, काचेला लागून परत येणारा. कापूस छातीवर त्या आवाजासरशी वरखाली होत होती.

दाराबाहेर जुळ्यांची आई उभी होती. ती केव्हा आली ते कळलं नाही. ती हात चोळत होती, बेचक्या, अंगठा, नखं, आणि काचेतून आत बघत होती. पूर्ण वाळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग झगा घालून आत आली आणि पेटीत बघितलं. धाकट्याचे डोळे उघडे होते.

"हात लावलास?"

"नाही."

जुळ्यांच्या आईने तिच्याकडे नीट पाहिलं, दुलईकडे, दुलईत गुंडाळलेल्या दोन्ही हातांकडे. तिच्या कपड्यांवर दुधाचे दोन मोठे डाग पसरत होते, तेही पाहिलं.

"लावावासा वाटला असेल."

"फार."

ती खुर्चीत बसली. गोल खिडकी उघडून तिने आपलं बोट धाकट्याच्या मुठीत दिलं. बाहेर, मोठ्या कक्षात, दुसऱ्या आया आपापली बाळं छातीवर घेऊन बसल्या होत्या. काचेतून त्या सगळ्या बुडालेल्या, निवांत दिसत होत्या.

"त्या तपासण्या," जुळ्यांची आई धाकट्याकडे बघतच म्हणाली, "रक्ताच्या आणि कसल्या कसल्या. सिस्टरला विचारते उद्या. करशील?"

"आत्ता करते."

"आत्ता बस गप. अंगावर पोर आहे." तिने खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. "पुढे सांग. शेळीचं काय झालं?"